रॉकेट तयार, अंतराळवीर तयार, मग मोहीम रद्द काहून?

2022 चा गुढीपाडवा, 2 एप्रिल. संध्याकाळी गुढी उतरवली आणि श्रीखंड-पुरीनं जडावलेले आम्ही सगळे नागपुरातल्या मानेवाड्याच्या घराच्या गच्चीवर वारं खायला बसलो. पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. आवाज नाही, घाई नाही. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, शेजारच्या काकूंनी तर हातच जोडले. उल्का असती तर "बघ, बघ" म्हणेपर्यंत संपली असती. या रांगेनं मोबाईल काढून व्हिडिओ घेण्याइतका वेळ दिला.

मग फोटो यायला लागले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं होतं. व्यास तीन मीटरच्या आसपास, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीएवढं. आसपासच्या गावांत गोळ्यासारख्या टाक्याही सापडल्या. जाणकारांनी कक्षांचा हिशेब जुळवून सांगितलं, की हा बहुधा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. काम संपल्यावर वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालत राहिला आणि शेवटी आमच्या विदर्भात उतरला.

भाचा तेव्हा आठवीत होता. त्या कड्यापासून त्याला रॉकेटचं जे वेड लागलं ते लागलंच. रमण विज्ञान केंद्राच्या चकरा झाल्या, व्हिडिओ झाले, आणि एक दिवस प्रश्न आला: "काहून वं मावशी, अपोलो 18 चं रॉकेट बनून तयार होतं म्हणे. मग सोडून काहून दिलं?" अपोलो म्हणजे अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेच्या, माणसांना चंद्रावर न्यायच्या मोहिमा. भाच्याच्या मोबाईलवर प्रश्नाचं उत्तरही आलेलं होतं. चंद्रावर एलियन भेटले आणि त्यांनी "परत येऊ नका" म्हणून दम दिला. पाठोपाठ दुसरं उत्तर, नासाकडून रॉकेटचे आराखडे हरवले. दोन्ही थापा. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर चहाच्या कपात मावणारं नव्हतं.

आधी त्या कड्याचंच बघू, कारण टप्पा म्हणजे काय हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

समृद्धी महामार्गानं नागपूरहून मुंबईला निघालात. 701 किलोमीटर. वाटेत एकही पंप नाही असं धरा (रस्ता नवा होता तेव्हा ज्यांनी प्रवास केला त्यांना फार कल्पनाशक्ती लागणार नाही). सगळं डिझेल घरूनच न्यायचं. डिझेलला पिंप लागणार, पिंपाला वजन, ते वजन ओढायला आणखी डिझेल, त्याला आणखी पिंप. यावर उपाय एकच. पिंप रिकामं झालं की रस्त्याच्या कडेला टाकून द्यायचं आणि हलक्या गाडीनं पुढं जायचं. रॉकेटचा टप्पा म्हणजे हे पिंप. फरक इतकाच, की प्रत्येक पिंपाला स्वतःचं इंजिन असतं आणि त्याच्यासकट ते फेकलं जातं.

अपोलोचं सॅटर्न 5 रॉकेट जमिनीवरून उठताना सुमारे 2,900 टनांचं असायचं. चंद्रावरून माणसांना घेऊन समुद्रात परत पडायची ती कुपी जेमतेम पाच-साडेपाच टनांची. बाकीचं वाटेत जळलं, फेकलं, सोडलं. हा हिशेब उलटा वाचला की भीती वाटते. वर टोकाला एक किलो वाढला तर खाली कित्येक किलो इंधन वाढतं. आणि माणूस म्हणजे नुसते सत्तर किलो नव्हेत. त्याच्यामागे हवा, पाणी, जेवण, संडास, हवा गाळायची यंत्रणा, उकाड्या-थंडीची सोय आणि सगळ्यांत जड अट, ती म्हणजे परत यायचं. यंत्राला परत आणावं लागत नाही. ते शुक्रावर वितळलं तरी त्याच्या आईला तार पाठवायची नसते.

आता अपोलो. नासानं मोहिमा आखल्या होत्या 20 पर्यंत. माणसं चंद्रावर उतरली ती 11 ते 17 या दरम्यान, 13 वगळून. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 परतलं आणि दुकान बंद. अधिकृत तारखा बघितल्या तर जानेवारी 1970 मध्ये अपोलो 20 रद्द झालं आणि सप्टेंबर 1970 मध्ये आणखी दोन मोहिमा. मधे एप्रिलमध्ये अपोलो 13 ची ऑक्सिजनची टाकी फुटून तिघे कसेबसे परतले होते, म्हणून सगळे म्हणतात भीतीनं रद्द केलं. भीती होतीच. पण माझ्या मते मोहीम रद्द झाल्याची बातमी येते ती नेहमी तेरवीची असते. जीव त्याआधीच गेलेला असतो.

अपोलोचा जीव ऑगस्ट 1968 मध्ये गेला. तेव्हाचे नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनी सॅटर्न 5 चं उत्पादन पंधरा रॉकेटांवर थांबवायचा निर्णय घेतला. नील आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडायला अजून जवळपास वर्ष होतं. अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात नासाचा वाटा 1966 मध्ये साडेचार टक्क्यांजवळ गेला होता, तिथून उतरण सुरू झाली होती. व्हिएतनामचं युद्ध पैसा गिळत होतं. पंधरा म्हणजे पंधरा. त्यानंतर कुणाला अवकाशात काहीही मोठं न्यायचं असेल तर या पंधरांतूनच घ्यायचं. पुढं स्कायलॅब हे अवकाशस्थानक वर न्यायला एक रॉकेट हवं झालं, ते चंद्राच्या वाट्यातून काढलं. अपोलो 20 ची तिकिटं अशी फाटली. घरात गव्हाचं एकच पोतं उरलं की पुरणपोळी कमी होते, त्यात रुसव्याफुगव्याचा प्रश्न नसतो.

"मग परत सुरू करायचा ना कारखाना," भाचा म्हणाला.

इथं मला माझे आजोबा आठवतात. ते एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली ती मिल. आज तिथं मॉल आहे. आजोबा सांगायचे, साचा चालवायचा कागदावरून शिकता येत नाही. धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो, तो कानाला कळावा लागतो. मिल बंद झाल्यावर यंत्रं विकता येतात, नकाशे कपाटात ठेवता येतात, पण तो कान घरी बसतो आणि म्हातारा होतो. सॅटर्न 5 चं अगदी हेच झालं. आराखडे हरवले वगैरे काही नाही, ते मायक्रोफिल्मवर नीट ठेवलेले आहेत. पण पहिल्या टप्प्याची एफ-1 इंजिनं पुष्कळशी हातानं जोडलेली, हातानं वेल्डिंग केलेली. कुठं कागदापेक्षा थोडं वेगळं केलं हे करणाऱ्याच्या डोक्यात. 2013 मध्ये नासाच्या तरुण इंजिनिअरांनी जुनं एफ-1 उघडलं, भाग न् भाग मोजला आणि त्याचा एक घटक पुन्हा पेटवूनही दाखवला. चाळीसेक वर्षांपूर्वीचं आपल्याच संस्थेचं इंजिन, आणि ते उत्खननात सापडलेल्या वस्तूसारखं अभ्यासावं लागलं.

उरलेली रॉकेटं संग्रहालयांत आहेत. ह्यूस्टनला जे आडवं ठेवलंय त्याचे तिन्ही टप्पे खरोखर उडण्यासाठी बनवलेले होते. कित्येक वर्षं ते उन्हापावसात पडून होतं, छप्पर फार उशिरा मिळालं.

रद्द झालेल्या अपोलोचा एक धागा मात्र आपल्या नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा. हॅरिसन श्मिट हा भूगर्भशास्त्रज्ञ क्रमानं अपोलो 18 वर जायचा. ती मोहीम गेली. शास्त्रज्ञांनी धोशा लावला, की चंद्रावर निदान एक तरी दगड ओळखणारा माणूस पाठवा. मग जो एंगलचं नाव काढून श्मिटला अपोलो 17 वर बसवलं. आणि याच श्मिटला चंद्रावर शॉर्टी नावाच्या विवराच्या काठी काय दिसलं? राखाडी धुळीत चक्क संत्र्याच्या रंगाची माती. जुन्या ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी होते ते. बिचारा एंगल चंद्रावर कधीच गेला नाही. 1981 आणि 1985 मध्ये स्पेस शटल, म्हणजे विमानासारखं परत उतरणारं अवकाशयान, घेऊन गेला तेवढाच.

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर शुक्राकडे जाऊ.

हो, माणसं शुक्राला पाठवायचा आराखडा होता. 1967 चा. उतरायचं नाही, नुसतं जवळून जाऊन परत यायचं. तिघे जण 31 ऑक्टोबर 1973 ला निघणार, 3 मार्च 1974 ला शुक्राजवळून जाणार, 1 डिसेंबर 1974 ला घरी. तेरा महिने. राहणार कुठं? तर सॅटर्न 5 च्या तिसऱ्या टप्प्यात. म्हणजे लाडबोरीला ज्याचं कडं पडलं तशाच जातीच्या टाकीत, फक्त बरीच मोठी. साडेसहा मीटरहून जास्त व्यासाची. वर जाताना टाकीत द्रव हायड्रोजन, उणे 253 अंश. ते जाळून झालं की उरलंसुरलं बाहेर सोडायचं, टाकीत हवा भरायची, आत शिरून सामान लावायचं आणि संसार मांडायचा. टँकर रिकामा झाला की त्यातच बिऱ्हाड करायचं असा प्रकार. याला "ओली कार्यशाळा" असं नावही पडलं होतं.

कल्पना वेडगळ वाटते, पण फेकायच्या पिंपाचंच घर करायचं यातली काटकसर मला भारी आवडते. मग बारगळली कशी?

एक तर 27 जानेवारी 1967 ला अपोलो 1 च्या कुपीत जमिनीवरच्या सरावात आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. संसदेचा नासावरचा विश्वास हलला. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटसारखी शहरं दंगलींनी पेटली होती आणि नासाचं एक केंद्र मंगळ-शुक्राच्या समानव प्रवासाचा अभ्यास करायला कंपन्यांकडून प्रस्ताव मागवत होतं. घरात दुखणं असताना कुणी गोव्याच्या सहलीचं बोलावं तसं झालं. संसदेनं पैसेच कापले. शिवाय तेरा महिने सूर्याच्या जवळ जाताना सौर वादळ आलं तर काय, याला पक्कं उत्तर नव्हतं. ऑगस्ट 1972 मध्ये, अपोलो 16 आणि 17 च्या मधल्या काळात, सूर्यानं असं जबरदस्त वादळ सोडलंही. चंद्रावरून तीन दिवसांत पळून येता येतं, शुक्राच्या वाटेवरून वळता येत नाही.

पण मुख्य कारण वेगळंच होतं, आणि ते समजायला संत्र्याचे बहार आठवा. आपल्याकडे आंबिया आणि मृग. झाडाला ताण देऊन बहार धरायची वेळ ठरलेली. ती चुकली की कितीही पैसा ओता, पुढच्या बहारापर्यंत थांबा. ग्रहांचंही असंच आहे. शुक्र आणि पृथ्वी सुमारे 19 महिन्यांनी पुन्हा तशाच सोयीच्या जागी येतात, मंगळासाठी साधारण 26 महिने. 1973 च्या हिवाळ्याआधीचा तो शुक्राचा बहार माणसांनी सोडला. नासानं सोडला नाही. 3 नोव्हेंबर 1973 ला, म्हणजे त्या तिघांच्या ठरलेल्या तारखेनंतर तिसऱ्याच दिवशी, मरिनर 10 नावाचं सुमारे 500 किलोचं यान निघालं. 5 फेब्रुवारी 1974 ला शुक्राजवळून गेलं, ढगांचे फोटो काढले, शुक्राच्याच ओढीचा झोका घेऊन मार्चमध्ये बुधालाही भेटून आलं. तिघांच्या संसाराला जिथं एक सबंध सॅटर्न 5 लागला असता, तिथं हे काम एका साध्या मध्यम रॉकेटनं झालं. खिडकीतून बघायला माणूस नव्हता, एवढंच. आणि शुक्राला खिडकीतून बघून दिसणार काय, तर ढग.

ओल्या कार्यशाळेचं पुढं काय झालं? 1969 मध्ये नासानं ठरवलं, की टाकी जमिनीवरच कोरडी ठेवून आतली सगळी मांडणी करून वर पाठवायची. तीच स्कायलॅब. 14 मे 1973 ला गेली. म्हणजे टप्प्याचं घर झालंच, नुसतं शुक्राला गेलं नाही.

अणुशक्तीवर चालणारं नर्व्हा इंजिन याच साखळीतलं. नेवाडाच्या वाळवंटात ते प्रत्यक्ष चालवून बघितलं होतं, 1969 मध्ये एकच इंजिन 28 वेळा सुरू करून दाखवलं. तितक्याच इंधनात रासायनिक इंजिनाच्या जवळपास दुप्पट काम. जानेवारी 1973 मध्ये बंद. इंजिनात खोट नव्हती. ते होतं मंगळासाठी, आणि मंगळ यादीतून निघाला होता. नवरदेवच नाही तर घोडी सजवून काय करता?

रशियाची गोष्ट उलटी आहे. तिथं नवरदेव होता, घोडीच बसकण मारत होती.

एन-1 हे सोव्हिएत संघाचं चंद्राचं रॉकेट. पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं. तीस का, तर मोठं इंजिन बनवायला वेळ आणि पैसा नव्हता, लहान इंजिन हाताशी होतं. त्याचे कर्ते सर्गेई कोरोल्योव्ह जानेवारी 1966 मध्ये गेले आणि कामाचा कणाच गेला. अमेरिकेनं सॅटर्नचा सबंध पहिला टप्पा जमिनीला जखडून पेटवून बघितला होता. रशियानं तसं मोठं स्टँड बांधलंच नाही. आणि इंजिनं अशी होती, की एकदा पेटवलं की पुन्हा वापरता येत नाही. मग खेपेतली एक-दोन चालवून बघायची आणि बाकीची चांगली आहेत असं मानायचं. काडेपेटी घ्या. काडी चांगली आहे का हे पेटवून कळतं, पण कळलं तेव्हा ती संपली. उरलेल्या काड्यांवर विश्वास टाकायचा. एका काडीनं देवाचा दिवा लावायचा असेल तर चालतं. तीस काड्या एकाच वेळी, एकसारख्या जळल्या पाहिजेत असं असेल तर धडधड होतेच.

21 फेब्रुवारी 1969 ला पहिलं उड्डाण फसलं. 3 जुलै 1969 ला दुसरं रॉकेट वर उठलं आणि परत लाँच पॅडवरच कोसळलं, पॅडचा चुराडा झाला. अमेरिकन माणूस चंद्रावर उतरायला सतरा दिवस होते. जून 1971 आणि नोव्हेंबर 1972 ची उड्डाणंही गेली. चारांपैकी चार. तरी पुढची रॉकेटं सुधारलेल्या इंजिनांसह तयार होत होती, अभियंते म्हणत होते की पाचवं नक्की जाईल. कदाचित गेलंही असतं. पण चंद्राची शर्यत संपली होती, दुसरा येणाऱ्याला तिथं कुणी हार घालत नाही. 1974 मध्ये प्रमुख बदलले, नव्या प्रमुखांनी, म्हणजे व्हॅलेंतिन ग्लुश्को यांनी, काम थांबवलं. रॉकेटं मोडली. त्यांच्या टाक्यांच्या तुकड्यांची बायकोनूरच्या उड्डाणतळावर शेड आणि छपरं झाली.

इंजिनं नष्ट करा असा हुकूम होता, तो मात्र कारखान्यानं पाळला नाही. कित्येक डझन इंजिनं गुपचूप गोदामात राहिली आणि 1990 च्या दशकात एका अमेरिकन कंपनीनं त्यातली काही विकत घेतली. सोव्हिएत चांद्रमोहिमेची इंजिनं लावून अमेरिकेचं अँटारेस रॉकेट 2013 पासून उडू लागलं. 28 ऑक्टोबर 2014 ला त्यातलं एक रॉकेट सुटल्यावर काही सेकंदांतच पेटून खाली आलं. इंजिनाच्या पंपातच बिघाड झाला होता. त्यानंतर अँटारेसवर ती इंजिनं कायमची बंद. चाळीस वर्षं मुरवलेलं लोणचं चांगलं, इंजिनाचं तसं नसतं.

आता आपल्या घरची गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे.

राकेश शर्मा एप्रिल 1984 मध्ये रशियन यानातून गेले हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर लगेच दुसरा भारतीय अमेरिकन स्पेस शटलमधून जाणार होता. इन्सॅट-1बी हा आपला उपग्रह ऑगस्ट 1983 मध्ये चॅलेंजर शटलनंच वर सोडला होता. इन्सॅट-1सी च्या वेळी सोबत इस्रोचा एक माणूसही जाईल असं ठरलं. 1985 मध्ये एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन नायर या दोन अभियंत्यांची निवड झाली. उड्डाण 1986 च्या सप्टेंबरात.

28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर फुटलं आणि सात जण गेले. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारनं ठरवलं, की यापुढं शटलनं व्यापारी उपग्रह वाहून न्यायचे नाहीत. इन्सॅट-1सी 1988 मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटनं गेला. एरियानमध्ये माणसांना जागा नव्हती. भट आणि नायर खालीच राहिले. त्यांची चूक नव्हती, इस्रोची नव्हती, उपग्रहाचीही नव्हती. ज्या गाडीच्या टपावर सामान जाणार होतं त्याच गाडीत त्यांची सीट होती. सामान दुसऱ्या गाडीनं गेलं, सीट गेली.

त्याच स्फोटानं एक टप्पाही मारला. सेंटॉर नावाचा, द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा वरचा टप्पा. तो शटलच्या पोटात ठेवून वर न्यायचा, तिथं बाहेर काढायचा आणि त्यानं गॅलिलिओ यानाला गुरूकडे ढकलायचं, अशी योजना मे 1986 साठी तयार होती. सेंटॉरची टाकी इतक्या पातळ पत्र्याची, की आतल्या दाबानंच तिचा आकार टिकतो, फुग्यासारखा. हायड्रोजन सतत उकळत असतो, मेच्या नागपुरात बर्फाचा गोळा धरून उभं राहावं तसा. वाफ बाहेर सोडावीच लागते. यंत्रांच्या रॉकेटवर यात काही विशेष नाही. पण इथं पुढच्या खोलीत माणसं बसलेली. वाटेत बिघाड होऊन शटलला परत उतरायची वेळ आली, तर ते सगळं इंधन काही मिनिटांत बाहेर ओतायचं आणि मग धावपट्टीवर टेकायचं. अंतराळवीरांनी त्याला "मृत्यूचा तारा" म्हणायला सुरुवात केली होती, आणि हे चॅलेंजरच्या आधी. जून 1986 मध्ये सेंटॉर रद्द झाला.

याची किंमत गॅलिलिओनं मोजली. 1988 मध्ये गुरूला पोहोचायचं यान ऑक्टोबर 1989 मध्ये निघालं, तेही कमी ताकदीच्या घन इंधनाच्या टप्प्यावर. मग शुक्राचा एक आणि पृथ्वीचे दोन झोके घेत घेत डिसेंबर 1995 मध्ये पोहोचलं. मधल्या काळात ते साठवून ठेवलं, ट्रकनं कॅलिफोर्निया-फ्लोरिडा अशी ने-आण झाली. 1991 मध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना उघडायला गेले तर उघडेना. बहुधा त्या ने-आणीत काड्यांचं वंगण झिजलं होतं. पुढं सगळी मोहीम लहान अँटेनावरून थेंबाथेंबानं माहिती पाठवत पार पडली. टप्पा रद्द करण्याचा निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं. पण तो फुकट नव्हता.

अलीकडची यादी लांबलचक आहे, मी भराभर सांगते. अमेरिकेचं एक्स-33 हे टप्पेच नसलेल्या यानाचं छोटं रूप, म्हणजे पिंपं न फेकता मुंबई गाठायची. त्यासाठी टाकी विलक्षण हलकी हवी. 1999 मध्ये चाचणीत तिची कार्बनची टाकी तडकली, 2001 मध्ये प्रकल्प बंद. 2010 मध्ये माणसांना पुन्हा चंद्रावर न्यायचा नासाचा कॉन्स्टेलेशन हा सबंध कार्यक्रम गुंडाळला गेला, पण त्यातली ओरायन कुपी वाचली आणि 2022 मध्ये माणसांशिवाय चंद्राला वळसा घालून आली. फाल्कन हेवी या आपल्या रॉकेटवर माणसं बसवायची नाहीत असं स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीनं 2018 मध्ये ठरवलं, कारण पुढच्या मोठ्या रॉकेटावर लक्ष द्यायचं होतं. त्या मोठ्या रॉकेटाची वाट बघून जपानी उद्योजक युसाकु माएझावा यांनी जून 2024 मध्ये आपली चांद्रसहल रद्द केली. कलाकारांना घेऊन 2023 मध्ये जायचं होतं, रॉकेट कधी तयार होईल हेच सांगता येईना. लग्नाचा हॉल किती दिवस अडवून ठेवायचा?

भाचा आता मोठा झालाय आणि प्रश्नही मोठे झालेत. "गगनयानाचंही असंच होईल का?" भारतीय माणसं आपल्याच रॉकेटनं वर न्यायच्या या मोहिमेची 15 ऑगस्ट 2018 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा लक्ष्य 2022 होतं. ते हुकलं. पण वर सांगितलेल्या गोष्टींवरून मी तारखा बघणं सोडून दिलंय. मी बघते ती भट्टी पेटलेली आहे का. त्यातली एक खूण म्हणजे गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं सीई-20 इंजिन. माणसं बसवायची तर ते किमान 6,350 सेकंद जमिनीवर जाळून दाखवायचं होतं. इस्रोनं चार इंजिनांवर मिळून 39 चाचण्यांत 8,810 सेकंद जाळलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ते काम पुरं झाल्याचं सांगितलं. एन-1 च्या काडेपेटीशी तुलना करून बघा. शिवाय हे रॉकेट गगनयानासाठीच जिवंत आहे असं नाही. चांद्रयान 3 त्यानंच नेलं, परदेशी उपग्रहही नेतं. कारखाना चालू असलेली मोहीम लांबते, पण सहसा मरत नाही.

21 ऑक्टोबर 2023, शनिवार. गगनयानाच्या सुटकेच्या यंत्रणेची पहिली उड्डाण-चाचणी. म्हणजे रॉकेट बिघडलं तर माणसांची कुपी उपटून दूर कशी न्यायची याची तालीम. सकाळी आठची वेळ, हवेमुळे पावणेनऊवर गेली. घरात सगळे टीव्हीसमोर. उलटी मोजणी सुरू झाली आणि शून्याला पाच सेकंद असताना संगणकानं सगळं थांबवलं. इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नव्हतं.

"झालं," भाचा म्हणाला, "हेही रद्द." आणि तर्री पोहे आणायला चौकात निघून गेला. शनिवारची गर्दी, त्यात त्याला तिथं मित्र भेटले. दहा वाजता रॉकेट सुटलं, कुपी वेगळी झाली, पॅराशूट उघडले, श्रीहरिकोट्याजवळच्या समुद्रात ती अलगद पडली. सगळं मिळून नऊ-दहा मिनिटांचा खेळ. तो पोहे घेऊन जिना चढत होता तेव्हा टीव्हीवर लोक एकमेकांचे हात हातात घेत होते.